दाताला तार, हाताला लगाम

३ जानेवारी, सकाळी
नव्या वर्षाचा संकल्प तीन तारखेला लिहितोय, कारण एक तारखेला हाताला पट्टी होती. कपाटाचं दार. चूक दाराची. अर्धवट उघडं राहतं.
संकल्प एकच. यंदा पंचिंग बॅग सोडून कशालाही मारायचं नाही. मी मुळात शांत माणूस. सव्वीस वर्षं पोरापोरींना बॉक्सिंग शिकवतोय, रागीट माणसाला हे जमलंच नसतं.

३ जानेवारी, दुपारी
लेकीला घेऊन बायको आणि मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. लेक म्हणजे आमची टिचकी. वय पंधरा, वजन अठ्ठेचाळीस किलो, डावा हात अगदी माझ्यावर गेलाय. वरचे पुढचे दात बाहेर आलेत. स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, ओठ आतून फाटतो. बाई म्हणाल्या, तारा लावू, दीड-दोन वर्षं लागतील. पुढे आलेले दात पहिल्या फटक्यात जातात.
टिचकी म्हणाली, मेले तरी लावणार नाही, वर्गात हसतील. मी म्हणालो, हसणाऱ्यांची नावं दे. बायकोने माझ्याकडे बघितलं.
मग टिचकी म्हणाली, बाबा, तू लाव, मग मी लावते. मी म्हणालो, आत्ता लावतो. म्हणायला काय जातंय? एकोणपन्नासाव्या वर्षी कोण तारा लावतं?
एवढ्यात बाईंनी माझ्या तोंडात आरसा घातलासुद्धा. खालचे दात एकावर एक चढलेत, जबडा एकाच बाजूने मिटतो, दाढा घासून सपाट. म्हणाल्या, वयाची अट नाही. हिरड्या आणि हाड धड असलं की साठीतही दात सरकतात, जरा सावकाश इतकंच. उलट चढलेले दात सरळ झाले की साफ करता येतात, पुढे कवळीची वेळ लांबते. दाढा कशाने घासल्या, असं विचारलं. मी म्हणालो, कल्पना नाही. बायको म्हणाली, मला आहे.

११ जानेवारी
तारा बसल्या. दोघांनाही. काही दुखत नाही. लोक उगाच बाऊ करतात.

११ जानेवारी, चार तासांनी
दुखतंय.

१२ जानेवारी
जबड्यावर आतून कुणीतरी अपरकट मारतंय. केळंसुद्धा चावत नाही. टिचकी दोन केळी खाऊन शाळेत गेली, हूं की चूं नाही. मी उशीला तीन ठोसे दिले. उशी फाटली. उशी मऊ असते, ती मारण्यात धरत नाहीत.

२० जानेवारी
क्लबात एका पोराचा मामा मला ‘तारवाले सर’ म्हणाला. मी त्याला समजावलं. समजावताना त्याची कॉलर माझ्या हातात आली आणि तो बादलीत बसला. बादली तिथे कुणी ठेवली याची चौकशी व्हायला हवी.
घरी जेवताना टिचकी बोलली. सव्वीस एप्रिलला तिची निवड चाचणी आहे, ती जिंकली तर मोठ्या स्पर्धेच्या संघात. तोवर मी कुणाला हात लावला नाही तरच तिच्या कोपऱ्यात मी. नाहीतर टकल्या काका.
कोपरा म्हणजे काय ते मलाच माहीत. दोन राउंडच्या मधे एक मिनिट. स्टूल, पाणी, तोंड पुसणं, कानात दोन शब्द. ती नऊ वर्षांची होती तेव्हापासून प्रत्येक लढतीला तिच्या कोपऱ्यात मी बसलोय. आणि टकल्या? पलीकडच्या गल्लीतल्या क्लबचा कोच. पोरांशी हळू आवाजात बोलतो. यालाही कोच म्हणतात.
मी वहीच्या कागदावर लिहून सही करून दिली: सव्वीस एप्रिलपर्यंत कुणाला हात लावणार नाही. बायको म्हणाली, माणसांना नाही लावलात तरी घरात मारायचं शिल्लक काय आहे?
टिचकीला मात्र मी आयुष्यात एकदाही मारलेलं नाही. हे लिहून ठेवतो.

२ फेब्रुवारी
एक जण माझ्या स्कूटरला खेटून गाडी लावत होता. हात लावला नाही. खांदा लावला. तो भिंतीपर्यंत गेला, पुढे भिंतच होती. कागदावर हात असं लिहिलंय. खांदा वेगळा अवयव आहे.

९ फेब्रुवारी
तारांची सवय झाली. खरं सांगायचं तर फायदा दिसतोय. सकाळी आरशासमोर आम्ही दोघं उभे. तो बारका ब्रश तारेखालून काढायचा, प्रत्येक दाताला वेगळा. वीस मिनिटं लागतात. टिचकी मला दाखवते कुठे अन्न अडकलंय. इतका वेळ ती माझ्या शेजारी उभी राहिल्याला किती वर्षं झाली असतील? आज फेस उडवून हसली. मी पण हसलो. बाहेर दूधवाल्याने बेल चारदा वाजवली, तरी मी शांत. फक्त दार जरा जोरात उघडलं. बिजागरी जुनीच होती.

१७ फेब्रुवारी
चांगली गोष्ट लोकांना सांगितली पाहिजे. किराणावाल्याचे वरचे दोन दात तिरके आहेत, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. वय पंचावन्न असेल. त्याला समजावलं की वयाची अट नाही, हाड धड पाहिजे. हाड बघण्यासाठी जबडा धरला. तो हलत होता म्हणून घट्ट धरला. याला हात लावणं म्हणत नाहीत, तपासणी म्हणतात. त्याने काट्यावरचं वजन उचललं. लोकांना आरोग्याची किंमत नाही.
संध्याकाळी बायकोने वाणसामान दूरच्या दुकानातून आणलं.

१ मार्च
तार आवळून आलो. बाई म्हणाल्या, तुमची मागची तार तुटलीय, दात फार आवळता का? मी म्हणालो, अजिबात नाही. टिचकीचे दात झकास सरकतायत. बाईंनी तिला खास माउथगार्ड करून दिलाय. तोंडाचा साचा घेतला, तारांसाठी आत जागा ठेवली. दात सरकले की पुन्हा यायचं, गार्ड नीट करून घ्यायचा.
मी मनात म्हटलं, ही मला माउथगार्ड शिकवणार? सव्वीस वर्षं मी शेकडो गार्ड केलेत. गरम पाण्यात रबर टाकायचं, मऊ झालं की तोंडात, करकचून चावायचं, आत ओढायचं, थंड पाणी. तीन मिनिटांत तयार. तिचा गार्ड बिघडला तर कोपऱ्यात माझाच कामाला येईल. आधी स्वतःवर करून दाखवतो.

५ मार्च, सकाळी ७.१०
रबर पाण्यात टाकलं. मस्त मऊ झालंय.

५ मार्च, ७.२०
चावला. आत ओढला. थंड पाणी घेतलं. पकड उत्कृष्ट.

५ मार्च, ७.३५
निघत नाही.

५ मार्च, ९.००
रबर तारेच्या मागे, दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या खाली, जिथे फट दिसेल तिथे शिरून घट्ट झालंय. बायकोने चमच्याच्या दांड्याने प्रयत्न केला. मी कळवळून फ्रिजला गुद्दा मारला. फ्रिज माणूस नाही. टिचकी दारात उभी होती, दप्तर घेऊन. मला सांगायचं होतं, घाबरू नकोस. तोंडातून नुसता घोरल्यासारखा आवाज आला. मी तिच्याकडे दोन पावलं गेलो तशी ती शाळेत गेली. उशीर होत असणार.

५ मार्च, दुपारी
बाई दीड तास तुकडे कापत होत्या. रबराबरोबर पाच ब्रॅकेट उपटून आले. रक्त आलं, पण फार नाही, एक टॉवेल. खुर्चीचा डावा हात माझ्या हातात राहिला. बाई म्हणाल्या, तारांवर गरम रबर चावायचं नसतं, हे कोचला माहीत नाही? तार लावलेल्या किती पोरांना असे गार्ड करून दिलेत? मी म्हणालो, एकालाही नाही.
खरं म्हणजे दोघांना. दोघांनीही क्लब सोडला. कारण वेगळं असेल.

१९ मार्च
टिचकीला तपासणीला नेणार होतो. बायको म्हणाली, आम्ही दोघीच जातो, तुम्हाला बाईंनी वेगळी वेळ दिलीय, वेटिंग रूम रिकामी असते तेव्हाची. हा मान आहे. सगळ्यांना मिळत नाही.

६ एप्रिल
संकल्पाचा आढावा. कॉलर एक, पण ती सहीच्या आधीची. खांदा दोन. पाय एक (सायकलला, सायकलवाला आपोआप पडला). टॉवेलचा फटका एक, टॉवेल हातात होता, हात लागला नाही. हात: शून्य.
टिचकीला हा हिशेब वाचून दाखवला. ऐकून घेतलं. म्हणाली, बरं बाबा, तूच बस. मला इतका आनंद झाला की टेबलावर मूठ आपटली. कप फुटला. ती पुसायला फडकं घेऊन आली होती आधीच. तयारीची पोरगी आहे.

२५ एप्रिल
उद्या. सकाळी आरशासमोर दोघं. तिला सांगितलं, तुझा डावा, समोरचीचं नाक. तिने विचारलं, उद्या काहीही झालं तरी तू बसून राहशील ना? मी म्हणालो, दगडासारखा. ती म्हणाली, बाबा, प्लीज. दोनदा म्हणाली. मी म्हणालो, अगं, माझ्याइतका शांत कोच या खेळात झाला नाही.

२६ एप्रिल, सकाळी १०.४०, स्पर्धेचा हॉल
वजन बरोबर. ग्लोव्हज तपासले. माझ्या गळ्यात कोपऱ्याचा पास. नाडी शांत. एकशे वीस.

२६ एप्रिल, दुपारी, दवाखाना
डाव्या हाताने लिहितोय, उजव्यात सलाईन आहे.
पहिला राउंड आपला. टिचकीने डाव्या हाताने समोरचीला नुसती फोडली. दुसऱ्यात समोरचीने हिच्या तोंडावर एक सणसणीत दिला. टिचकी हलली नाही, डोळासुद्धा मिटला नाही. गार्ड जागच्या जागी. बाईंना मानलं.
एवढ्यात त्या पोरीचा बाप दोरीजवळ येऊन ओरडला, तोंडावर मार, तारा आहेत तिला, तोंडच फोड!
मी बसून होतो. मोजून दोन सेकंद.
हात मी पाठीमागे बांधलेले होते. याला पाचशे साक्षीदार आहेत. मी फक्त डोकं वापरलं. पण त्याचंही डोकं खाली आलं, म्हणून माझं कपाळ चुकलं आणि तोंड लागलं. त्याचं नाक फुटलं. माझा वरचा ओठ ब्रॅकेटवर आपटून तारेत अडकला, आरपार. ओठ खाली घेता येईना, तोंड मिटता येईना. शर्टावर रक्त, स्टुलावर रक्त, पाण्याच्या बाटलीवर रक्त. रेफरीने लढत तेवढ्यापुरती थांबवली. दोन स्वयंसेवकांनी मला धरलं. मी कागदाबद्दल सांगत होतो, हात नाही, हात नाही. ओठ अडकल्यामुळे कुणाला काही कळलं नाही.
गळ्यातला पास काढून घेतला. बाहेर नेताना मागे वळून बघितलं. टकल्या माझं स्टूल पुसत होता.

२८ एप्रिल
ओठाला सात टाके. बाईंनी तार कापून ओठ सोडवला, त्याबद्दल आभार. चार ब्रॅकेट नवे बसणार. म्हणाल्या, तारा सुरू ठेवू या, पण आधी दुसऱ्या एका डॉक्टरांना भेटा, रागाच्या. चिठ्ठी दिली. खिशात आहे.
टिचकी जिंकली. पाच जजपैकी चार. तिसऱ्या राउंडच्या आधी टकल्याने तिच्या कानात काय सांगितलं, असं बायकोला विचारलं. म्हणाली, काही नाही सांगितलं. नुसतं पाणी दिलं आणि श्वास घे म्हणाला.
टिचकी आज दवाखान्यात आली. संघाचं नवं जॅकेट घालून. वरच्या ओठावर एक ओरखडासुद्धा नाही. भांडेल असं वाटलं होतं. हाताचं काय आणि डोक्याचं काय, सगळे मुद्दे तयार ठेवले होते. तिने विचारलंच नाही. बेडजवळ उभी राहून म्हणाली, दुखतंय का बाबा?
शाब्बास म्हणावं, गालावर थोपटावं म्हणून मी हात उचलला.
तिचे दोन्ही हात वर आले. हनुवटी छातीत, कोपर बरगडीला, मान वळलेली. आणि डोळे गच्च मिटलेले. रिंगमध्ये तोंडावर फटका बसला तेव्हाही मिटले नव्हते.
आधी मला वाटलं, काय झकास रिफ्लेक्स आहे, शिकवण माझीच. मग बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.
टिचकीने हात खाली घेतले. हसली, तारा चमकल्या. म्हणाली, सॉरी बाबा, सवय झालीये.
कसली सवय, असं विचारायचं होतं. विचारलं नाही. ओठाला टाके होते, बोलता येत नव्हतं, असं लिहिणार होतो.
बोलता येत होतं.