मी बसते ती रिक्त जागा

सोमवार, २१ जानेवारी १९७४

रोज कुणी बसतं त्या जागेला रिक्त म्हणायचं का? मला उत्तर येत नाही. बी.ए.ला असले प्रश्न नव्हते.

आज अलिबागहून टपाल आलं. आमच्या पंचायत समितीतली कनिष्ठ लिपिकाची राखीव जागा आदिवासी उमेदवारातून भरायची आहे. रोजगार केंद्राकडून एकच नाव — लडकू चांगो दरवडा, मॅट्रिक पास. मुलाखत १२ फेब्रुवारीला. सोबतचं पत्र त्याच्या हातात देऊन सहीची पोच घ्यायची, ती ५ तारखेपर्यंत पाठवायची. माणूस सापडला नाही तर 'उमेदवार उपलब्ध नाही' असं कळवायचं.

त्या जागेवर सध्या मी आहे. तात्पुरती. रजिस्टरात ती जागा 'रिक्त' आहे आणि गेलं दीड वर्ष त्याच जागेवर बसून ते रजिस्टर मीच लिहिते.

मंगळवार, २२

नामा शिपाई पत्र घेऊन लडकूच्या वाडीवर गेला आणि चार वाजता पत्रासकट परत आला.

"ताई, वाडीत कोन नाय. दारांना काट्याच्या फांद्या लावल्यात. मंगळी म्हातारी तेवढी शेरडं राखत बसलीय. समदी भट्टीवर गेलीत म्हंती, मोहोपाड्याच्या अंगाला." मग हसला. "दर सालचंच हाय ह्ये. तुमचं बरंच हाय की!"

हेडक्लार्क ठोंबरे भाऊसाहेबांकडून जुनी फाइल मागून घेतली. '७१चं पत्र जानेवारीत गेलेलं. '७२चंही. दोन्हींवर तोच शेरा. मी म्हटलं, "भाऊसाहेब, ही माणसं दिवाळीनंतर विटा पाडायला जातात, पावसाच्या तोंडावर येतात. मुलाखत श्रावणात का नाही ठेवत?"

"अगं मथू, भरतीचा हिशेब मार्च एंडला द्यायचा. श्रावणात मार्च एंड येतो का?"

सगळे हसले. मीही हसले. मग पुढचं पान उलटलं. '७३चं पत्र — तोच शेरा, अक्षर माझं. मीच जावकला चढवलं होतं. तेव्हा काहीही वाटलं नव्हतं.

गुरुवार, २४

पत्र ड्रॉवरमध्ये आहे. बंद दारापर्यंत नेलेलं पत्र पोचलं म्हणायचं का? दिवसभरात चार वेळा ड्रॉवर उघडला.

शनिवार, २६

झेंडावंदन करून घरी आले. बाबा ओट्यावर बसून कुणाला तरी सांगत होते, "आमची मथू पर्मनंट झाल्यात जमा हाय." दहिवलीत आता हे माहीत नसलेलं माणूस राहिलं नसेल.

भाताच्या गिरणीत अठरा वर्षं कोंडा त्यांच्या छातीत गेला. दिवाळीत मीच हट्टाने काम सोडायला लावलं. म्हटलं, माझी नोकरी आहे ना. आता खोकला पुष्कळ कमी आहे. आई परवा म्हणाली, "रातभर झोपलं गं ते." मला किती अभिमान वाटला होता!

लडकू सापडला नाही तर मला मुदतवाढ. सापडला तर मी घरी. आणि मी काही त्याला लपवलेलं नाही. तो मुळातच तिथे नाही. बरोबर आहे ना हे?

रविवार, २७

घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. एस.टी.ने शिळफाट्याला गेले, तिथून दुसरी गाडी. मोहोपाड्याच्या अलीकडे उतरून तीन भट्ट्या विचारत फिरले. तिसरीवर सापडला.

कोपरापर्यंत चिखल. साचा उपडा करून विटा मांडत होता. त्याची बायको जना विटांच्या मातीचा गारा तुडवत होती. मी काही बोलायच्या आधी त्यानेच ओळखलं.

"बाई, तुमी कर्जतच्या हापिसातल्या ना? दाखल्याला आलो व्हतो तवा पायलेलं. नोकरीचं काय आलं का? चार साल झाली नाव घालून."

जना म्हणाली, "येल, येल. ह्यो म्हातारा झाला का येल."

तो हसला. हात धुऊन, तांब्या विसळून त्याने मला पाणी दिलं. पत्र माझ्या पिशवीत होतं. मी म्हटलं, "नाही. अजून काही नाही आलं."

"आलं तर वाडीवर नका धाडू बाई. हितंच धाडा."

'बरं' म्हणून मी परत आले. पत्र घेऊन.

सोमवार, २८

काल मी तिथे कशाला गेले होते? तो सापडू नये म्हणून?

बुधवार, ३०

ठोंबरे भाऊसाहेब म्हणाले, "शेरा टाइप करून ठेव. सोमवारच्या टपालात जाईल. तुझ्या मुदतवाढीचं पत्रही त्यातच घालू." ते वाईट नाहीत. माझं भलंच बघतात.

टाइप केलं, तीन प्रतींत. 'सदर उमेदवार उपलब्ध नाही.' उपलब्ध नाही! पाणी दिलं त्याने मला.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. आई कपाळाला हात लावून बघते. ताप नाही म्हणते.

सोमवार, ४ फेब्रुवारी

काल पुन्हा भट्टीवर गेले. पत्र दिलं. आधी म्हटलं, मागच्या रविवारी मी खोटं बोलले. लडकूने पत्र उभ्याउभ्या वाचलं. मग विचारलं, "सही कुटं करू?" पोचेवर त्याचं मातीचं बोट उमटलंय.

आज ती पोच टपालात गेली. तिन्ही प्रती फाडल्या. ठोंबरे भाऊसाहेब म्हणाले, "आणि मग तुझं काय?" म्हटलं, ती जागा रिक्तच होती, भाऊसाहेब.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. मग म्हणाले, "उद्या गिरणीत इचारून बघतो."

म्हटलं, मी सकाळीच विचारून आलेय. इथलं सुटलं की तिथे पोत्यांची वजनं लिहायला मी जाणार आहे.