सर बार्नबीचा तुर्की मुजरा

व्हाइटहॉल, लंडन
४ मार्च १६०९

ती. मिल्ड्रेडताईस,
धाकट्या बार्नबीचे सा. न. वि. वि.

ताई, माझं तुर्कस्तानच्या प्रवासाचं पुस्तक जाम गाजतंय! दरबारात ज्याच्या त्याच्या काखेत तेच. बायका थांबवून उंटांबद्दल विचारतात. मी नुसता उसासा टाकतो, म्हणजे फार पाहिलेला माणूस वाटतो.

सगळ्यांत लोकप्रिय झालाय तो तुर्की मुजरा. तुर्क लोक सुलतानापुढे वाकून 'कोवा गेतिर, यिने कुस्तु' म्हणतात असं मी लिहिलंय ना, ते आता आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ चालू आहे. मुख्य कारभारी लॉर्ड पेंडलबरी तर शिंक आली तरी तेच म्हणतात. मला दरबारात कायमची जागा द्यायचं घाटतंय.

तेव्हा एवढं सांभाळ. डोव्हरच्या धक्क्याला जहाज बांधलेलं असतानाच मला बोट लागली, मी आडवा झालो आणि गेल्या वर्षीचा सगळा हिवाळा तुझ्या सफरचंदांच्या माळ्यावर काढला, हे कुणाला कळता कामा नये. कळलं तर माझी धडगत नाही.

लोभ आहेच, तोंड तेवढं बंद असावे, ही विनंती.
तुझा बार्नबी

रॉमनी मार्श, केंट
१५ मार्च

चि. बार्नबी यास मिल्ड्रेडताईचे अनेक आशीर्वाद.

पाद्रीबाबांनी तुझं पुस्तक आणून दिलं. वाचून कपाळावर हात मारला. अरे मेल्या, सुलतानाच्या आईच्या हनुवटीवर चामखीळ, आणि ती काठी घेऊन बदकांमागे धावते? तुझे उंट म्हणजे तर सरळसरळ माझ्या मेंढ्या, फक्त पाठी वर ओढल्यास. पाद्रीबाबा माझ्या हनुवटीकडे टक लावून म्हणाले, की सुलतानाची आई कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते. चीजचा तुकडा हातात कोंबून त्यांना वाटेला लावलं.

आणि तो मुजरा रे? डोव्हरला तुझ्या उशाशी बसलेला तुर्की खलाशी सारखा ओरडायचा म्हणालास, तेच ना ते? अर्थ विचारलास का? मला मेली धाकधूक वाटते.

बाकी, तू माळ्यावरून डोकं बाहेर काढून विचारायचास, ताई, सुलतान काय जेवत असेल, वाड्याला खिडक्या किती असतील, आणि मी पीठ मळता मळता ठोकून द्यायचे. फार मजा यायची रे. तू गेल्यापासून घर खायला उठतं.

जिभेला आवर घाल. माझा लोभ कुठे पळून जात नाही.
मिल्ड्रेडताई

व्हाइटहॉल
३० मार्च

ती. ताईस,
सा. न. ताई, मेलो!

काल खरेखुरे तुर्की राजदूत आले. लॉर्ड पेंडलबरी पुढे, आम्ही सगळे मागे. कमरेत वाकलो आणि एका सुरात मुजरा केला. राजदूतांनी आमच्याकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं, आणि झटकन मागे सरकले. मग त्यांचा नोकर धावत बादली घेऊन आला. लॉर्डसाहेबांना वाटलं नजराणा. त्यांनी ती कपाळाला लावली आणि आभार म्हणून पुन्हा तेच म्हटलं. आणखी एक बादली आली.

शेवटी दुभाष्याने अर्थ सांगितला. बादली आण, हा पुन्हा ओकला.

पुढे विचारू नकोस. राजदूतांनी दोन साधे प्रश्न विचारले आणि माझं पितळ उघडं पडलं. लॉर्डसाहेबांचा हुकूम झालाय, की या पुस्तकाच्या लेखकाने राजदूतांच्या जहाजातून कॉन्स्टँटिनोपलला जावं आणि यावेळी बघून लिहावं. मी हात जोडले, म्हटलं त्यापेक्षा टॉवरच्या कोठडीत टाका. तर म्हणाले, तिथून थेम्स नदी दिसते, तीही तुला सोसायची नाही.

ताई, गंमत नाही करत. मी वाटेतच मरेन. मला भीती वाटते गं. काहीतरी कर.

लोभ असेल तेवढा सगळा आत्ताच लागेल.
तुझा बार्नबी

ग्रेव्हसेंडचं बंदर
१२ एप्रिल

चि. बार्नबी यास जहाजावरून आशीर्वाद.

दचकू नकोस. तू माझ्या घरी लपायला पोचशील आणि हे वाचशील, तेव्हा जहाज सुटलेलं असेल. मी लॉर्ड पेंडलबरींना गाठलं. म्हटलं, साहेब, उंटांपासून सुलतानाच्या जेवणापर्यंत सगळं माझ्या डोक्यातलं, या गाढवाने नुसती शाई खर्च केली. हुकूम लेखकाला आहे ना, मग मला पाठवा. ते आधी लालबुंद झाले. मग माझी हनुवटी नीट पाहिली आणि त्यांची खात्री पटली. तुझी दरबारातली जागा मात्र गेली ती गेलीच.

ताईने माझ्यासाठी जीव धोक्यात घातला म्हणून गळा काढू नकोस. मला जायचंय रे. मी उभ्या जन्मात कँटरबरीच्या पलीकडे गेले नव्हते. तुला थापा सांगता सांगता मलाच सुलतानाचं ते शहर बघायची ओढ लागली. कुणी हुकूम काढेपर्यंत हे बोलायचीही लाज वाटत होती.

काळी मेंढी आता विणार आहे, तिच्याजवळ बस. पत्रं पाठवीत राहीन. त्यांत यापुढे सगळं खरं असेल. थोडं कंटाळवाणं वाटलं, तरी तेवढ्यासाठी लोभ कमी करू नकोस.

तुझी ताई,
मिल्ड्रेड