झाडलेली वाट

४ जानेवारी
मांजरी गावात दाखल. परदेशातून इथं बाळंतपणं करायला आलेल्या डॉक्टरणींची मी विनावेतन दुभाषी. संस्कृतात एम.ए. म्हणजे मराठी येतच असेल, असा संयोजकांचा भाबडा समज. डॉक्टर इंग्रिडला वाटतं, आपण परदेशात आलोय. नारायण पेठेतून आलेल्या मलाही तसंच वाटतंय. शिबिर मंगल कार्यालयात आहे. वधूवरांच्या स्टेजवर बाळंतपणाची दोन टेबलं मांडली आहेत. क्रम शास्त्राला धरून आहे, तक्रार नाही.

५ जानेवारी
दारापासून नदीकडे जाणाऱ्या पायवाटेवर मोहरी सांडलेली. स्वच्छतेच्या नावानं मी केरसुणी घेऊन सगळी झाडली. मागच्या घरातल्या मथुराबाई धावत आल्या. त्यांची थोरली सून मैना गेल्या महिन्यात पोटुशीच गेली, नदीकाठी जाळली. अशी बाई घरी यायला बघती म्हणे, पण वाटेतला दाणा न् दाणा वेचल्याबिगर तिला पाऊल टाकता येत न्हाई. मी म्हटलं, मग नवी टाका, फोडणीपुरती माझ्याकडून. त्या हसल्या नाहीत. मोहरी स्मशानातून परततानाच टाकायची, मागनं टाकलेली लागू होत न्हाई, म्हणाल्या. ताई, तुम्ही तिची वाट झाडून दिली.

७ जानेवारी
धाकटी सून अपेक्षा, दिवस भरलेले. मथुराबाई तिला माहेरी, खडकीला बापाच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये धाडायला निघाल्या होत्या. मीच मोडता घातला. गोरी डॉक्टर दाराशी असताना क्वार्टरमध्ये कोण बाळंत होतं, असं विचारलं. अपेक्षा लाजली, थांबली.
रांगेत शेवटी हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती. तिच्या शेजारी कुणी बसेना.

८ जानेवारी
आज तीही आत आली. इंग्रिडनं तिच्या पोटाला यंत्र लावून बराच वेळ ऐकलं. मग मला म्हणाली, विचार, बाळ कधीपासून हललं नाही. गेल्या महिन्यापासून, बाई म्हणाली. नाव मैना.
मूठ उघडून तिनं टेबलावर मोहरी ठेवली. एवढी मी वेचली, म्हणाली. बाकीची तुम्ही झाडलीत, उपकार झाले.
एवढं मात्र मी इंग्रिडला सांगितलं नाही.

९ जानेवारी, सकाळ
मीच खडकीसाठी गाडी बोलावली. अपेक्षाला दारातच कळा सुरू झाल्या. आता हलवायचं नाही, इंग्रिड म्हणते. मथुराबाई माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

दुपार
दुसरं टेबल रिकामं होतं. आता—
मी अपेक्षाला सांगते, जोर कर. जोर दोघी करतात. काल मैनाला तपासणाऱ्या इंग्रिडला आज एकच दिसते आहे.

रडलं. बाळ रडलं, पण पलीकडच्या टेबलावर—
अपेक्षाचं पोट सपाट. इंग्रिड स्वतःचे रिकामे हात बघते. मला विचारते, ही काय म्हणते आहे.
माझं कुठंय, म्हणते आहे.
कुठल्या भाषेत सांगू—

रडणं बाहेर गेलं. पायवाटेनं, नदीकडे. मथुराबाई मागं धावल्या, पडल्या. मी दारात. हिरवं लुगडं चालतंय, सावकाश, घाई नाही. वाट लख्ख आहे. अडवायला एकही दाणा—