सांधा कुणी जोडला

४ मार्च
बाबा म्हणतात पंचवीस वर्षांचं, काका म्हणतात एकतीस. जहाज एकच! आणि दोघंही म्हणतात, मी बांधलं. आता मी फलकावर काय लिहू?

ते मालवाहू जहाज मोडीत निघालंय. ज्या गोदीत बांधलं, तिथेच तोडायला ओढून आणणार आहेत. त्याचा नांगर आमच्या संग्रहालयाच्या दारात ठेवायचा, शेजारी जहाजाची हकिगत. साहेब म्हणाले, "तुमच्या घरात दोन-दोन वेल्डर. तुम्हाला काय अवघड?" घरात आहेत, हेच तर अवघड.

५ मार्च
बाबांशी बसले. गोष्ट निदान सुरुवातीला सरळ आहे. काकांच्या टोळीने बांधलेलं जहाज काही वर्षं फिरलं, मग इंजिनखोलीत आग लागली आणि मागचा अर्धा भाग गेला. त्याच सुमाराला बाबांची टोळी दुसरं जहाज बांधत होती. त्याचा मागचा भाग इंजिनासकट तयार झाला आणि मालकाने हात वर केले. मग कारखान्याच्या साहेबांनी दोन्ही कापली. काकांचं पुढचं अर्धं, बाबांचं मागचं अर्धं, मधे सांधा. एक जहाज तयार.

"म्हणजे इंजिन आमचं," बाबा म्हणाले. "इंजिनाशिवाय जहाज म्हणजे नुसतं पिंप."

६ मार्च
काकांकडे गेले. मागच्याच गल्लीत घर, पण बाबा गेली पंचवीस वर्षं लांबच्या रस्त्याने जातात. भांडण त्या कापाकापीवरूनच झालं. कारखान्याच्या कँटीनमध्ये काका म्हणाले, "माझ्या जहाजाला याचं शेपूट लावतायत." बाबांनी चहाचा कप फेकला. काकांना लागला नाही, पण बोलणं तुटलं ते तुटलंच. आई आणि काकू मात्र शिंप्याच्या दुकानात रोज भेटतात, हे दोघांनाही माहीत आहे. कोणी काही म्हणत नाही.

काकांना विचारलं, सांधा कुणी जोडला? "तुझ्या बापाच्या लोकांनी."

घरी येऊन बाबांना विचारलं. "त्याच्या लोकांनी."

काही कळेना. बाकी सगळं दोघंही 'मी केलं, मी केलं' म्हणतात, आणि सगळ्यांत अवघड काम एकमेकांच्या गळ्यात घालतात!

७ मार्च
काही लिहिलं नाही. डोकं दुखतंय.

९ मार्च
आई भाजी चिरता चिरता सहज बोलून गेली. सांध्याच्या वेळी दोन्ही टोळ्या संपावर होत्या. आम्ही जीव ओतून बांधलेली जहाजं कापली, आता जोडायला हात लावणार नाही, अशी शपथ घेतली होती सगळ्यांनी. बाबाही घरीच असायचे. "पण संपावरच्या माणसाच्या बाहीला ठिणग्यांची भोकं कशी पडतात, ते मला सांग," आई म्हणाली. "रफू मीच करत होते ना."

मग बाबांनीच जोडला? एकट्याने? एवढं मोठं जहाज? विचारायची हिंमत झाली नाही.

१० मार्च
काकू भेटली. गंमत म्हणून बाहीचं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडेही पडायची."

आता मात्र माझं डोकं पार फिरलंय.

१२ मार्च
कारखान्याच्या जुन्या मुकादमांना गाठलं. कारखान्यात सगळे त्यांना भोंगा म्हणायचे, इतका आवाज. आता अगदी हळू बोलतात. आधी म्हणाले, जाऊ दे, जुनं झालं. मग आपणच बोलू लागले.

"सांधा झाला नसता तर कारखान्याला कुलूप लागलं असतं. दोन्ही टोळ्या घरी बसल्या असत्या, कायमच्या. तुझे बाबा एकटे आले माझ्याकडे. म्हणाले, मी करतो, पण माझ्या माणसांना कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दुसऱ्या दिवशी तुझे काका आले. हेच म्हणाले. शब्दन् शब्द हाच."

"मग?"

"एकाला बाहेरून लावलं, एकाला आतून. तुझे बाबा पुढच्या फाटकाने यायचे, काका खाडीकडून होडीने. संपामुळे गोदीत दुसरं कोणी नव्हतंच. मधे पत्रा. दोघांनी एका वेगाने पुढे सरकायचं असतं. एक जण पुढे धावला की पत्रा वाकतो. वाकला नाही. सूतभरही नाही."

"पलीकडे कोण आहे, हे सांगितलंत त्यांना?"

"छे. सांगितलं असतं तर दोघंही निघून गेले असते. त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही."

म्हणजे पंचवीस वर्षं दोघांनाही पत्ता नाही. सांगू का? सांगितलं तर बरं वाटेल की नवंच भांडण पेटेल? आई म्हणते सांग. काकू म्हणते, खबरदार. मी कोणाचं ऐकू?

१३ मार्च
नाही सांगितलं. जहाज आलं की दोघांना गोदीवर न्यावं, असं मनात आहे. सांध्यापाशी उभं करून सांगावं.

१६ मार्च
जहाज येणारच नाही.

ओढून आणताना वादळात सापडलं. रिकामं होतं, आत माणूस नव्हता, एवढं एक बरं. लाटेवर दुभंगलं आणि बुडालं. ओढणाऱ्या बोटीवरच्या कोणीतरी काढलेला फोटो साहेबांनी दाखवला. मी तो बाबांसमोर धरला. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, फोटो खिडकीपाशी नेला. जेवले नाहीत.

माझा फलक राहिला, नांगर राहिला, सांगायचं ते राहिलं. आता कुठे उभं करू दोघांना? काही सुचत नाही.

१७ मार्च
सकाळी दार वाजलं. काका. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली. माझ्याकडे पाहिलंही नाही. बाबांना म्हणाले,

"कुठे मोडलं?"

"तुझ्या बाजूला. पार पुढे."

"आणि आपला सांधा?"

"शाबूत होता. पाण्याखाली जाईपर्यंत."

"मग ठीक आहे," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

'आपला' म्हणाले.