दगडावरचं मीठ

३ मार्च २०२५, दिग्रस

एकतिसावं अभयारण्य आणि शेवटचं — आपल्याच जिल्ह्यातलं! कच्छपासून केरळपर्यंत एसटी, सरकारी बस, मिळेल त्याने फिरलो, पुस्तकासाठी वह्या भरल्या. आणि घरापासून दीड तासावरचं काळखोरा सात वर्षांत राहूनच गेलं. काखेत कळसा म्हणतात ते हेच. कोकिळा म्हणाली, "नोकरीभर हिंडले, रिटायर होऊन बी हिंडूनच राह्यले. पुस्तक निघालं का मंग तरी घरी बसान का?"

बायकोला खोटं वचन देऊ नये. उठून पिशवी भरायला घेतली.

६ मार्च

काळखोरा पाहिलं. वनरक्षक उकंडा सोबत होता. तिशीतला, मिशा फौजदाराच्या, नियम त्याहून कडक. गेटवरच माझा चिवडा काढून घेतला. "काका, बाहेरचा दाना बी आत जात नाही." मीही तीस वर्षं कंडक्टरकी केली. नियमवाला माणूस मला आवडतो. चिवडा मात्र ताजा होता.

दीड तास चढल्यावर एक सपाट काळा दगड. चार रोही आणि एक सांबर त्याला जिभा लावून उभे! आम्हाला पाहून पळाले. मी बोट लावून पाहिलं, काही कळेना. मग सरळ वाकून दगड चाटला. खारट! उकंडा तोंडाला रुमाल लावून खोकत होता. त्याला म्हटलं, थंड पाणी पीत जाऊ नको.

डोकी मोजल्याशिवाय मी कधी डबल बेल दिली नाही. पुस्तकातही ऐकीव काही नाही. इथे तर जिभेने तपासलं!

९ मार्च

प्रकरण पाठवलं. 'नैसर्गिक खारा दगड, जिल्ह्यात बहुधा एकमेव.' नागपूरच्या प्रकाशनातली संपादक अर्पिता, आपल्या पोरीच्या वयाची, फोनवर उडालीच. "काका, हेच पहिलं प्रकरण करू! मुखपृष्ठावर पण दगडच!" दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

१६ मार्च

दगडाच्या वाटेचा फोटो हवा होता म्हणून काळखोऱ्याच्या पायथ्याच्या बंजारा तांड्यावर गेलो. होळी झाली तरी बायांची फागाची गाणी सुरूच. वाट अडवून फगवा मागितला, गुळाची ढेप देऊन सुटलो. तेवढ्यात काठी टेकत रुपीबाई आली. ऐंशीच्या पुढची, सगळा तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. मला निरखून म्हणाली, "दगड चाटनारा कंडक्टर तूच का रे बापू? उकंडा सांगत होता."

अख्खा तांडा हसला. मीही हसलो. मग म्हणाली, "मीठ खारट नाही तं काय गोड लागन? आमचंच हाय ते."

फोटो राहिला बाजूला, वही काढली.

तिच्या आजेसासऱ्याचा लदेणीचा धंदा. बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे. मुक्काम त्या दगडापाशी. गोण सोडली की पहिली ओंजळ दगडावर, रानातल्या ढोरांसाठी. लदेणी गेली, बैल गेले, ओंजळ राहिली. दर अमावस्येला. विचारलं, अजून कशाला? तर म्हणे, "त्यायच्या रानातून वाट काढली ना बापू आमी! फुकट चालाव का?"

१७ मार्च

सकाळीच अर्पिताला सांगून टाकलं. एक चूक निघाली की बाकीच्या तीस प्रकरणांवर कोण विश्वास ठेवणार? सात वर्षं पाण्यात! तर ती म्हणाली, "काका, हे तर अजून भारी आहे. हेच लिहा, आजीच्या नावासकट!"

वा! उड्या मारत लिहायला बसलो. दोन ओळींत हात थांबला. अभयारण्यात बाहेरचं काही नेऊन टाकणं गुन्हा. नावगावासह छापील पुरावा मीच देणार! खोटं लिहिलं तर मी गेलो, खरं लिहिलं तर याडी.

२१ मार्च

कोकिळा — "मंग दगडच गाळा ना! सगळंच लिहा म्हनून कोनं सांगतलं?"

गाळला की आपल्या जिल्ह्याला उरतात दोन पानं. झाडं, पक्षी, बसच्या वेळा. छे! दिवसभर रुसून बसलो. "काहून जेवत नाही?" म्हणाली. जेवलो.

२६ मार्च

अर्पिताचा फोन. शनिवारी पुस्तक छपाईला. उकंडालाच आडून विचारतो, कायदा काय म्हणतो ते.

२९ मार्च, अमावस्या

गेटवर उकंडाला विचारलं, समजा कुणी आत मीठ ठेवत असेल तर? त्याने आजूबाजूला कोणी नाही ना पाहिलं. मग खांद्यावरची पिशवी उघडून दाखवली. काठोकाठ खडेमीठ! "याडीचे गुडघे तीन वर्सांपासून गेले, काका. तिले शब्द देला मी. आता लिहाचं तं लिहा." तिथूनच अर्पिताला फोन लावला. म्हटलं, दगड काढून टाक. मग पिशवीचा एक बंद मी धरला आणि आम्ही चढायला लागलो.