हॅलिफॅक्सला आमची शाखा नाही

रोहा,
१२ फेब्रुवारी २०२३

रा. रा. कान्हूदाजी यांस महिपतीचा स. न. वि. वि.

आमच्या भगिनी चि. वैशालीचा गुडघा आता बरा असेल. फोन न करता पत्र पाठवीत आहे, कारण फोनवर तुम्ही मेहुण्याचे वाक्य पुरे होऊ देत नाही; कागदाला मध्येच तोडता येत नाही.

विषय तुमच्या लेकीचा, अपेक्षाचा आहे. कॅनडात पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याने तेथेच स्वतःचा धंदा काढून वर्षभर स्वतः चालविला, तर हॅलिफॅक्सचा प्रांत त्याची कायम वास्तव्यासाठी शिफारस करतो, हे आपण जाणतोच. तिच्या मातीकामाच्या दुकानाला ते वर्ष गेल्या महिन्यात पुरे झाले. अधिकारी पाहणीस आले, सर्व कागद तपासले, आणि जाताना त्यांनी दारावरची पाटी वाचली : ‘कान्हू मूर्तिकार, जोहे. शाखा : हॅलिफॅक्स.’ तुम्हीच हौसेने रंगवून पाठविलेली, खाली इंग्रजीतही.

आता लेखी विचारणा आली आहे, की दुकान तिचे, की भारतातील कारखान्याची शाखा? शाखा ठरल्यास ते वर्ष बाद, आणि कामाचा परवाना संपताच ऑगस्टमध्ये तिला परतावे लागेल. उत्तरास तीस दिवस आहेत. दुकानावर आपली मालकी नाही, असे प्रतिज्ञापत्र तुम्हांला करावे लागेल. आपल्याकडे वडिलांचे नाव आधी लावतात, हे मला समजते. तेथील अर्जात त्यासाठी रकाना नाही. हे तुम्हांला सांगण्याचा पोरीला धीर झाला नाही, म्हणून मी लिहीत आहे.

लोभ आहेच, या पत्रापायी तो पातळ होऊ देऊ नये.

आपला,
महिपती

जोहे,
२१ फेब्रुवारी २०२३

श्री. महिपतीराव यांस कान्हूचा रामराम, वि. वि.

तुमचे पत्र आले आणि दोन दिवस जेवण गोड लागले नाही. मुलीच्या दुकानावर बापाचे नाव असणे हा कुठला गुन्हा? कंपनीचे हिशेब तपासता तपासता हा माणूस नातीही तपासू लागला, असे मी वैशालीला म्हणालो. त्यावर ती म्हणाली, की माझ्या भावाला नावं ठेवू नका. वर मलाच विचारते, तिकडे भट्टी बिघडली तवा पोर बर्फातून कुणाकडे धावली, ते तरी ठाव हाय काय तुम्हाला? मला ठाऊक नव्हते.

काल पेणला वकिलांकडे गेलो. लिहायला बसण्यापूर्वी त्यांनी विचारले, की दुकानाचे भाडे किती, किल्ली कोणाकडे असते, शिकायला किती जण येतात, जागा कोणी शोधली. एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. मी ओशाळलो. वकील हसून म्हणाले, की काका, हेच तर लिहायचंय! मालकाला हे ठाऊक नसतं काय?

मग मी शेवटी एक ओळ घालण्यास सांगितले : ‘माती कशी मळावी एवढे मी शिकविले, बाकी सर्व तिचे आहे.’ ते म्हणाले, की कायद्याला या ओळीची गरज नाही. मी म्हणालो, की मला हाय. ओळ घातली.

सही केली. बाहेर पडल्यावर टपरीवरच्या चहावाल्याला मी शिक्का दाखविला आणि बजावले, की हॅलिफॅक्सला आमची शाखा नाय, ते दुकान माझ्या पोरीचं एकटीचं हाय.

प्रत सोबत आहे, तुमच्या डोळ्यांखालून घालून पुढे धाडावी. चूक निघाली तर हसू नये.

तुमचा,
कान्हू

हॅलिफॅक्स,
४ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांच्या चरणी अपेक्षाचा शि. सा. नमस्कार.

फोनवर मी नुसती रडले, म्हणून नीट लिहिते. तुमच्या कागदानंतर प्रांताने शिफारस केली, कामाचा परवाना वाढला, आणि आता कायम वास्तव्यही मंजूर झाले. आता मला कोणी जा म्हणू शकत नाही; दुकानही चालू राहील. तुमचा कागद वाचून अधिकाऱ्यांनी एकच विचारले होते, की उद्या मी आजारी पडले तर दुकान कोण उघडेल? मी म्हणाले, कोणीच नाही, बंद राहील. ते त्यांनी लिहून घेतले.

बाबा, ती पाटी मी केवळ तुमच्या मानासाठी लावली नव्हती. पहिल्या महिन्यात दारात कोणी फिरकत नसे. सकाळी कुलूप काढताना तुमचे नाव वाचले, की बरे वाटे.

सोबतचा दुसरा कागद मी मुलगी म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून लिहिला आहे, रागावू नये. शाडूच्या चाळीस गणेशमूर्ती, नऊ इंचाच्या, बिनरंगाच्या. पेंढ्यात बांधू नयेत. गवत-पेंढा येथे बंदरातून आत येऊ देत नाहीत. मेअखेर बोटीवर चढल्या पाहिजेत. डोळे आखू नयेत. आखणी मी करीन.

आईला आणि मामांना नमस्कार. माया आहेच, तीत भर पडत राहो.

तुमची,
अपेक्षा

जोहे,
१६ मे २०२५

श्री. महिपतीराव यांस कान्हूचा रामराम, वि. वि.

चाळीस मूर्ती आज खोक्यांत भरल्या, उद्या निघतील. तीन मूर्तींना केसाएवढी चीर होती. पेणच्या बाजारात त्या सहज खपल्या असत्या. तिला चालणार नाहीत म्हणून मोडून नव्या केल्या. एवढे कडक गिऱ्हाईक मला तीस वर्षांत मिळाले नव्हते.

आमच्या कारखान्यातून डोळ्यांवाचून मूर्ती कधी बाहेर पडलेली नाही, आणि आखणीच्या कुंचल्याला मी दुसऱ्याचा हात कधी लागू दिला नाही; पोरीचाही नाही. आमचा जुना कारागीर पोपट बावरून म्हणाला, की शेठ, डोळं इसरलाव काय? मी म्हणालो, नाय रं, इसरलो नाय. ज्यांचा माल हाय त्या मालकीण आखणार हायत.

शेवटची मूर्ती ठेवताना मात्र हात सवयीने कुंचल्याकडे गेला. मग कुंचला धुतला, कागदात गुंडाळला आणि त्याच खोक्यात मूर्तीशेजारी ठेवून दिला. मालाच्या यादीत त्याची नोंद नाही. तुम्ही हिशेबाचे माणूस. एवढी चूक पोटात घालावी.

वैशाली तुम्हांला रविवारी जेवायला बोलावते आहे. यावे.

तुमचा,
कान्हू