दर्यापूरच्या सिस्टरचं कार्ड

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. अमरावतीचं आपलं पुस्तकांचं दुकान चालू आहे, पण अर्धी विक्री आता वेबसाइटवर होते. तुम्ही होता तेव्हा बाजाराला आलेले लोक आपल्या पिशव्या तुमच्या टेबलाखाली ठेवून जात. एकदा मी त्यातलं एक पासबुक काढून वाचत होतो, तर तुम्ही ते हातातून ओढून घेतलंत. "लोकं ठेवून जातेत, आपल्याले देऊन नाई जात," एवढंच म्हणालात आणि पासबुक परत पिशवीत ठेवलंत.

दर्यापूरच्या दवाखान्यातल्या रिटायर्ड सिस्टर तुम्हाला आठवतील, बुद्धविहारातल्या वाचनालयासाठी पुस्तकं नेणाऱ्या. गुडघ्यांमुळे त्यांचं येणं थांबलं, म्हणून मीच त्यांना मोबाइलवर कार्डाने पैसे भरायला शिकवलं. त्या घाबरत होत्या. "मावशी, कार्डाचं सगळं मोठी कंपनी पाह्यते, आपल्याजवळ काईच राह्यत नाई," मी म्हणालो. "तुह्या बापाचं दुकान हाय म्हनून टाकतो नंबर," त्या म्हणाल्या.

आठ दिवसांत त्यांचे मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे परदेशात गेले, ओटीपीसुद्धा न मागता. आमच्या वेबसाइटच्या पैसे भरायच्या पानावर कुणीतरी कार्डाचे नंबर चोरणारा कोड घुसवला होता. कंपनी म्हणते, आमची यंत्रणा शाबूत आहे, पान तुमचं. अकोल्याचा वेबसाइटवाला फोन उचलत नाही. कंपनी दरवर्षी सुरक्षिततेची प्रश्नावली पाठवायची, पान तपासता का, त्यात बदल कोण करतं, असलं काहीबाही. मी न वाचता सगळीकडे 'हो' करत आलो. तीच उत्तरं आता त्यांनी माझ्यापुढे ठेवली आहेत. बँकेनेही हात वर केले.

मग सिस्टर स्वतःच आल्या, शेअर जीपने, काठी टेकत. "मंग माहं कार्ड होतं कोनाजवळ?" त्यांनी विचारलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी करार, कंपनी, बँक असं सांगत राहिलो, आणि सांगता सांगता मलाच कळलं, की सांभाळायला ते कुणाजवळच नव्हतं. मी वेबसाइट बंद केली. त्यानं त्यांच्या डोळ्यांचं काय होणार?

निघताना म्हणाल्या, "पोलिसात संगं चालतं का रे?" तिथे त्या 'हो'बद्दल माझा जबाब लिहून घेतील, याची मला भीती वाटली. "आज कंपनीचा मानूस येनार हाय, मावशी," मी म्हणालो. त्या एकट्याच गेल्या.

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहून टाकतो. बाबा, कोणीच येणार नव्हतं.